धुऱ्याएवढी उंची

रोवणीचे, म्हणजे भाताच्या लावणीचे, दिवस आले की भंडाऱ्यातल्या डांबरी रस्त्यांवर चिखलाच्या रेघा उमटतात. ट्रॅक्टर एका गावची चिखलणी आटोपून दुसऱ्या गावाला निघतात आणि जाताना चाकांतून थोडं थोडं शेत सांडत जातात. सकाळी शाळेत जायला मी स्कूटी काढते, तेव्हा चौकातून बायांनी खच्चून भरलेली गाडी जाते. अंगावर प्लास्टिकची खोळ, मांडीवर डबा, पाय अनवाणी. इतक्या सकाळी यांना इतकं हसू कुठून येतं, हे मला कधी कळलेलं नाही. मी हेल्मेटच्या आत तोंड पाडून, उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडत, त्यांच्या गाडीला वाट देते.

याच दिवसांत माझ्या बैठकीच्या कोपऱ्यातल्या ठोकळ्यालाही वास सुटतो. एकावर एक रचता येतील असे फोमचे तीन जाड थर, वर काळं रेक्झिन, थर सरकू नयेत म्हणून कडेला चिकटपट्ट्या. कोरड्या हवेत त्याला कसलाच वास नसतो. हवा दमट झाली की मात्र नव्या दप्तरासारखा वास येतो आणि तो आला की मला एक विशिष्ट रोवणी आठवते. पाहुणे विचारतात, हे बसायला आहे का? मी हो म्हणते. खरं सांगायला लागले तर चहा थंड होईल.

खरं म्हणजे ते उड्या मारायला आहे. जमिनीवरून दोन्ही पायांनी त्याच्यावर उडी घ्यायची, खाली उतरायचं, पुन्हा घ्यायची. प्लायो बॉक्स म्हणतात त्याला. मोबाइलवर एक सडपातळ बाई हा प्रकार हसत हसत करायची आणि तिला दम म्हणून लागायचा नाही. माझा दम जिना चढतानाच जायचा. शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना स्नायू आणि सांधे समजावून सांगायची आणि खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावायची. व्यायामशाळेत जायची लाज वाटत होती. तेव्हा घरीच काय ते करू, असं मी ठरवलं.

वस्तू निवडणं हा माझा जुना आजार आहे. साधी किटली घ्यायची तरी मी महिनाभर लोकांची मतं वाचते. लाकडी ठोकळा स्वस्त आणि पक्का, पण उडी चुकली की नडगी सोलून निघते. ते मला वाचायची गरज नव्हती, कारण शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या प्लायवूडच्या खोक्यावर मी एकदा हौस भागवून घेतली होती आणि तो वण अजून आहे. लोखंडी तर नकोच. फोमचा असला की चुकलं तरी लागत नाही, शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकू वर येत नाहीत. पण फोमातही भेद. मऊ की घट्ट? एकसंध की थरांचा? किती उंच? कंपन्यांच्या चित्रांत सगळे विशीतले, दंड फुगवलेले. घरी व्यायाम करणारं माणूस जाडं, घाबरट आणि चाळिशीचं असू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच आई माझ्याकडे राहायला आली. प्लास्टर घातलेल्या पायासकट.

सानगडीला तलावाखाली आमच्या धानाच्या बांध्या आहेत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडायला धुऱ्यात एके ठिकाणी वाट कापलेली असते. धुऱ्यावरून चालत गेलं की ती वाट आडवी येते आणि तिथे उडी मारावीच लागते. कोणी त्याला उडी म्हणत नाही इतकी ती सवयीची. लग्न होऊन आल्यापासून आईने ती हजारदा मारली असेल, डोक्यावर पेंढ्या घेऊन, कडेवर मला घेऊन. त्या आश्विनात पलीकडच्या कडेची माती ओली होऊन सुटलेली होती. पाय पडला, माती गेली आणि घोट्याचं हाड मोडलं. ती तशीच पाण्यात बसून राहिली आणि हाक मारली, तीही आधी वाट बुजवायला. पाणी फुकट वाहून जात होतं ना.

एक विचार माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे. मुली लंगडी खेळतात, दोरीवरून उड्या मारतात. मग एक दिवस येतो, त्यानंतर त्या उडी मारत नाहीत. कोणी मना करत नाही, तारीख कोणी लिहून ठेवत नाही. मी शेवटची उडी कधी मारली ते मला आठवत नाही. शेतातली बाई मात्र साठीतही रोज उडी मारते आणि तिला कोणी व्यायाम म्हणत नाही.

आईच्या पायाचं प्लास्टर निघालं तोवर थंडी सरत आली होती. पाय बारीक झाला होता, त्याची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी दिसायची. घरात ती चालायची, पण उंबरा आला की थांबायची. दाराची चौकट धरायची, आधी चांगला पाय टाकायची, मग दुसरा. ज्या बाईने चिखलात उभं राहून आमचं घर चालवलं, ती माझ्या न्हाणीघराच्या दोन बोटं उंबऱ्याशी थबकताना पाहून मला रडू यायचं. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीणबाई म्हणाली, "हाड जुळलंय काकू. भीती जुळायची आहे. आधी पायरीवर चढणं-उतरणं करा, मग अगदी छोटी उडी, दोन्ही पायांनी. घाई नाही."

घाई होती. रामदासकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, होळीला बाबांसोबत आले तेव्हा बोलले. माणूस चांगला, पोटात काही नाही. "वहिनी, आता कायले तरास घेता? मी करतो तुमच्या बांध्या ठेक्यानं. तुम्ही इथं पोरीपाशी आराम करा."

बाबांचं सानगडीच्या बाजारात कापडाचं दुकान. त्यांना चिखल लागत नाही, पावसाळ्यात ते चप्पल हातात धरून बाजूच्या गल्लीने येतात. त्यांनी मान डोलावली. आई म्हणाली, "या रोवनीले मी माह्या पायानं बांधीत उतरली अन् माह्या पायानं वर आली, त बांध्या माह्याकडं. नाही जमलं, त दिवाळीपासून तुम्ही करा भाऊजी. मी काही म्हननार नाही."

घरात आमच्याकडे बाबा बोलतात, आई ऐकते. पण बांधीच्या धुऱ्यावर पाय ठेवला की तिचा आवाजच निराळा. "ए शेवंता, हात चालव", "ट्रॅक्टरवाल्या, कोपरा राह्यला ना बाप्पा", आणि बाबा धुऱ्यावर छत्री धरून उभे, काय करू म्हणून विचारणारे. लहानपणी मला वाटायचं, माझ्या दोन आया आहेत. एक घरची, एक शेतातली. ठेक्याने गेली असती ती शेतातली. हे मला कळत होतं, आणि दुसरीकडे असंही वाटत होतं की राहू दे ना बाई, माझ्याकडे राहा, दुपारी झोप, संध्याकाळी भजी तळू. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

ठोकळ्याचा विषय निघाला तेव्हा आई माझ्या मोबाइलमध्ये डोकावली. "हे कायले पायजे वो तुले?"

"उड्या माराले."

"उडी माराले काही इकत घ्या लागते काय? तांदळाचं पोतं हाये ना घरी. त्याच्यावर मार."

"अन्नावर पाय देऊ?"

"हां, मंग बराबर हाये. पाहात होती, ध्यानात हाये का शहरात येऊन इसरली."

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डोकावली. त्या सडपातळ बाईकडे नव्हे, ठोकळ्याकडे. बोट लावून म्हणाली, "अर्चने, हे धुऱ्यायेवढं असते का?"

मी एवढी मतं वाचली, एवढे तक्ते पाहिले, पण कुठल्या उंचीचा घ्यायचा हे मला सांगता येत नव्हतं, कारण मला कुठेच चढायचं नव्हतं. आईला चढायचं होतं. त्या क्षणी ठोकळा माझा राहिला नाही आणि मला फार हलकं वाटलं.

वैशाखात आम्ही सानगडीला गेलो, खास मापासाठी. तलाव अर्ध्यावर आला होता, बांध्यांत भेगा पडल्या होत्या, मोहाची फुलं संपून झाडं तांबूस पालवीने भरली होती. आई काठी टेकत टेकत धुऱ्यापर्यंत आली. तुराटीची एक काडी घेतली, बांधीच्या तळाला टेकवली आणि धुऱ्याच्या माथ्याबरोबर मोडली. "हे एवढी." मी टेप आणला होता, तो पर्समधून काढलाच नाही. ती काडी मी ओढणीत गुंडाळून एसटीने भंडाऱ्याला आणली आणि कंडक्टरने विचारलं, मॅडम, पोरांना हाणायला नेता काय?

खेळाच्या सामानाच्या दुकानात दोन ठोकळे होते. दुकानदार म्हणाला, "हा मऊ घ्या मावशी, तुमच्या वयाले हाच बरा." आईने चपला काढल्या, ठोकळ्याला हात लावून तो कपाळाला लावला, ज्यावर पाय द्यायचा त्याला ती आधी हात लावतेच, आणि माझा खांदा धरून वर चढली. फोम खचला. तिचा घोटा आतल्या बाजूला कलला आणि तिने माझ्या खांद्यात बोटं रुतवली. "हे नको. हे त लाडानं दाबूनच टाकते." मग घट्ट थरांचा पाहिला. वर उभं राहिलं तर बसत नव्हता, अंगठ्याने जोर केला तर जरासा दबत होता. चुकून गुडघा आदळला तर फुटणार नाही, एवढंच मऊपण. मी काडी लावून पाहिली. दोन थर बरोबर काडीएवढे होत होते. तिसरा थर सोबतच यायचा, म्हणून घेतला.

त्या घट्ट आणि मऊ ठोकळ्यांचा मी नंतर फार विचार केला. आपण ज्याला जपायचं म्हणतो त्याच्याखाली मऊ काहीतरी सारतो आणि पाय तिथेच मुरगळतो. मी आईला पाणी हातात देत होते, उंबऱ्याशी धावत होते. त्या दिवसापासून मी धावणं सोडलं. सोडलं म्हणजे दाराआड उभी राहून पाहायला लागले.

उन्हाळाभर आमच्या घरात धप्, धप् आवाज यायचा. आधी एकच थर, चढणं आणि उतरणं. मग दोन. मग एका संध्याकाळी, कुलर घरघरत असताना, तिने लुगड्याचा काष्टा खोचला, दोन्ही हात मागे नेले आणि एका थरावर उडी घेतली. वर उभी राहून माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत नक्कल करून सुटलेल्या मुलाचा भाव होता. मीही उड्या मारायला लागले. दोघी पाळीपाळीने. ती हसायची, "तू पडतस तवा भिताड हालते." मृगाच्या आधी ती दोन्ही थरांवर सरळ चढत होती, चौकट न धरता. काडी जिंकलो असं आम्हांला वाटलं. फक्त पुढची, लांब उडी ती मारत नव्हती. जमिनीवर मी खडूने दोन रेघा ओढल्या, मध्ये धुऱ्यातल्या वाटेएवढं अंतर ठेवून. तिथे आली की तिचे पाय खिळायचे. खडूच्या रेघेत पाणी वाहत नव्हतं, तरी तिला ते दिसायचं.

रोवणीला मी शाळेतून सुटी घेतली आणि ठोकळा गाडीच्या मागे बांधून दोघी सानगडीला गेलो. तलाव भरून आला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात पोपटी पोपटी हलत होती. चिखलणी झालेल्या बांधीचा वास काय सांगू, तो सांगून कळत नाही. बाया ओळीने उतरल्या. रामदासकाका पेंढ्या फेकत होते. आईने धुऱ्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि चांगला पाय आधी न टाकता, मोडलेलाच आधी टाकून बांधीत उतरली. बायांनी "उतरली वो मालकीन!" म्हणून गलका केला.

ओळ रोवून झाली, दुपार झाली, जेवायला वर यायचं. आई धुऱ्याशी आली, एक पाय वर टाकला आणि दुसरा निघेना. पोटरीपर्यंत चिखलात होता. तिने जोर केला तेव्हा तो आणखी खाली गेला. धुरा तिच्या कमरेशी आला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काडी आम्ही वैशाखात मोडली होती, कडक भेगाळलेल्या जमिनीवर उभं राहून. जन्मभर चिखलात राबलेली माझी आई आणि चिखलातच वाढलेली मी, दोघींनी धुरा मोजला आणि चिखल मोजला नाही. तिचा तोल गेला, ती हात टेकून गवतावर आडवी झाली. काकांनी धावत येऊन हात दिला. तिला तो धरावा लागला.

काका एवढंच म्हणाले, "वहिनी, राहू द्या आता."

रात्री सपरीत, आमच्याकडे ओसरीला सपरी म्हणतात, ती पाय धुऊन बसली. मी म्हटलं, "धुरा वाढला काय वो दोन महिन्यांत?"

"धुरा कायले वाढन. आपुन खाली गेलो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो तिसरा थर कुठी हाये?"

आम्ही तिसरा थर चढवला आणि ठोकळ्यापुढे घरातल्या दोन गाद्या टाकल्या. गादीत पाय रुतवायचा आणि तिथून वर यायचं. गादीवर उभं राहून ती चिडायची, घामाघूम व्हायची, मला शिव्या घालायची. बाबा दुकानातून आले की आपली गादी शोधायचे. दिवसा बांधीत ती उतरायची, वर येताना कोणाचा तरी हात धरायची आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड एवढंसं व्हायचं. रोवणी पुढे सरकत होती. शेवटची बांधी राहिली, वाटेपलीकडची, जिथे ती पडली होती. त्या दिवशी दुपारी ती वर आली, एकटी, गुडघा टेकून, गवत मुठीत धरून, दात खाऊन. पण आली. काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. पण वाट ओलांडताना तिने पाण्यात उतरून फेरा मारला, उडी नाही मारली, आणि काकांनी ते पाहिलं.

शेवटची पेंढी रोवली की आमच्याकडे बाया मालकिणीला सोडत नाहीत. हातात चिखल घेऊन तिच्यामागे लागतात आणि तिला माखल्याशिवाय रोवणी सुटली असं मानत नाहीत. मालकिणीने पळायचं, हाही रिवाजच. दरवर्षी आई पळायची. त्या वर्षी कोणी तिच्यामागे लागेल असं मला वाटलं नव्हतं. शेवंताबाईने शेवटचं रोप खोचलं, कंबर सरळ केली आणि दोन्ही ओंजळी चिखलाने भरून ओरडली, "धरा वो तिले!"

दहा-बारा बाया धुऱ्यावर चढल्या. आई किंचाळली, काष्टा सावरला आणि पळत सुटली. मी ओरडत होते, "आई, हळू, आई!" माझं कोण ऐकतं. धुरा निसरडा, मागे हशा, पुढे ती, आणि त्याच्याही पुढे ती वाट, पाण्याने भरून वाहणारी. मी डोळे मिटले नाहीत. तिचे पाय उचलले गेले. पाणी खालून गेलं. ती पलीकडे दोन्ही पायांवर उतरली, दोन पावलं आणखी पळाली, आणि मग थांबली.

बायाही अलीकडे थांबल्या. आईने मागे वळून वाटेकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"अर्चने," ती पलीकडून म्हणाली, "म्या उडी मारली का वो?"

"हो आई."

"मले समजलंच नाही."

मी रडत होते, बाया हसत होत्या. काकांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं आणि मोठ्याने विचारलं, "वहिनी, दिवाळीनंतर उन्हाळी धानाचे पऱ्हे कोनत्या बांधीत टाकता मंग? वरच्या का खालच्या?"

"वरच्या," ती म्हणाली. "खालची मले लवकर सुकवाची हाये."

ती तिथे सुरक्षित होती. बायांचे हात तिच्यापर्यंत पोचत नव्हते, चिखल त्यांच्या बोटांमधून गळत होता. आईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग काष्टा नीट खोचला, दोन्ही हात मागे नेले आणि या वेळी सगळं समजून उमजून, वाहत्या पाण्यावरून उडी मारून ती त्यांच्या चिखलात परत आली.